पायलट गाडीत कुत्रा कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतले काही निवृत्त ट्रकचालक शर्यतीतून बाहेर पडलेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना आपल्या गाडीतून नव्या घरी पोचवतात. त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. अवाढव्य माल नेणाऱ्या ट्रकच्या पुढे इशारा देत चालणाऱ्या पायलट गाडीत शर्यतीतला ग्रेहाउंड बसवणं हा निष्काळजीपणा आहे. आणि फ्लोरिडात ग्रेहाउंडच्या शर्यतींवर बंदी आल्यावर, खेपा कमी झालेल्या असताना, अशी ‘सुटका’ म्हणजे निवृत्तांची हौस.

पहिला आक्षेप मी हलका मानत नाही. २३ मे २०१३ ला वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीच्या पुलाच्या लोखंडी चौकटीवर उंच मालाचा ट्रक आदळला आणि महामार्गाचा एक गाळाच नदीत कोसळला. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीब. ट्रकच्या पुढे पायलट गाडी होती, तिच्यावर उंची तपासायचा दांडाही होता. पण ती चालवणारी व्यक्ती तेव्हा हँड्सफ्रीवरून फोनवर बोलत होती, असं चौकशीत निघालं. नुसत्या बोलण्याने लक्ष विचलित होत असेल, तर मागे अस्वस्थ झालेला तीस किलोचा कुत्रा नकोच.

आणि तो नसतोच. माल एकाच दिशेने जातो. माल ठिकाणावर उतरला की पायलट गाडीचं काम संपतं आणि शेकडो मैल रिकामं परतायचं असतं. कुत्रा येतो तो या परतीच्या वाटेवर, अवाढव्य मालाची सूचना देणारी पाटी उतरवलेली आणि पिवळे दिवे बंद असताना. रिकाम्या खेपेचं दुःख ज्याने आयुष्यभर सोसलंय, त्यालाच हे सुचावं यात मला तरी नवल वाटत नाही. जड ट्रकच्या परवान्यासाठी किमान दर दोन वर्षांनी वैद्यकीय तपासणी लागते. वय झालं की अनेकांचा ट्रक तिथेच सुटतो. पायलट गाडीला साधा परवाना चालतो, काही राज्यांत वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. मागच्या ट्रकला थांबायला किती अंतर लागेल, हे या माणसांना अंगवळणी पडलेलं असतं.

आता हौसेबद्दल. फ्लोरिडात नोव्हेंबर २०१८ मध्ये ६९ टक्के मतदारांनी बंदीला कौल दिला आणि २०२० अखेर तिथल्या शर्यती थांबल्या. २०२२ च्या शेवटी अर्कान्सासचा ट्रॅकही बंद झाला. मग देशात वेस्ट व्हर्जिनियातले दोनच उरले. म्हणजे कुत्री एका कोपऱ्यात आणि त्यांना घर देऊ पाहणारे देशभर विखुरलेले. अडतं ते नेमकं वाहतुकीपाशी.

हा कुत्रा कसा असतो, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो. अंगकाठी आपल्या कारवानी कुत्र्यासारखी. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावणारा. साधारण दोन ते पाच वर्षांचा असतानाच शर्यतीतून बाहेर पडतो, आणि पुढे आठ-दहा वर्षांचं आयुष्य शिल्लक असतं. ते आयुष्य घरात काढायचं, पण घर त्याने पाहिलेलंच नसतं. जिना म्हणजे काय कळत नाही, काचेच्या दारावर जाऊन आदळतो. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. थंडीत झूल घालावी लागते आणि उन्हात बंद गाडीत क्षणभरही सोडता येत नाही. मान डोक्यापेक्षा रुंद असल्याने साधा पट्टा डोक्यावरून सटकतो, म्हणून ताण पडला की आवळणारा खास पट्टा लागतो. पेट्रोल पंपावर तो सुटला आणि समोर ससा दिसला, तर हाकेला ओ देणार नाही. भुलीची काही जुनी औषधं त्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतात, हेही नेणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

हे सगळं सांभाळून, पदरचं डिझेल जाळून कुणी त्याला दोन राज्यं ओलांडून घरी पोचवत असेल, तर मी त्याला सेवाच म्हणेन. खेपा आता कमी झाल्या आहेत, हे तुमचं म्हणणं खरं. आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद याच लोकांना आहे. पुढच्या लेखात कुत्र्याला गाडीत कसं बसवतात, त्याबद्दल लिहीन. शंका असतील तर तिथे जरूर विचारा.