छातीचा फोटो असा काढावा की काही दिसू नये

आपण अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना चालवत असाल, तर कामगारांच्या छातीचे फोटो काढण्याच्या सक्तीची एवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवायची, गोण्या बंदिस्त जागेत फोडायच्या, हवेतले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घ्यायचे, हे सारे खर्चाचे आणि उत्पादनाचा खोळंबा करणारे काम आहे. त्या मानाने क्ष-किरण यंत्राची फिरती गाडी आवारात बोलावली, की दुपारच्या सुट्टीच्या आत सगळी पाळी उरकते आणि निरीक्षकासमोर ठेवायला जाडजूड फाईल तयार होते. फोटो काढल्याने फुप्फुसात रुतलेला एकही तंतू बाहेर येत नाही, हे खरे. पण फाईलमध्ये तसा रकानाच नसतो.

सर्वांत महत्त्वाचा असतो तो मुहूर्त. अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे या तंतूंमुळे फुप्फुसे निबर होत जाणे, हा अत्यंत सावकाश चालणारा आजार आहे. धुळीशी संबंध आल्यापासून फोटोत काही उमटेपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर तीस-चाळीस वर्षांनीही उपटतो. म्हणून फोटो काढावेत ते नव्याने लागलेल्या पोरांचे. ठेकेदाराने दर काही महिन्यांनी माणसे बदलली, की आपल्या दप्तरी कायम नवी नावे आणि कायम निर्दोष छात्या राहतात. वीस वर्षांचे जुने कामगार उरलेच असतील, तर आधी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणि मग तपासणी, हा क्रम मोडू नये.

फोटो काढतानाही घाई फार उपयोगी पडते. पूर्ण श्वास आत घेऊन रोखून धरायला सांगण्यात वेळ दवडू नका. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा खालचा भाग आपोआप धूसर दिसतो, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या रेषा सुरुवातीला नेमक्या तेथेच उमटत असल्यामुळे पुढे कोणी बोट ठेवलेच, तर दोष श्वासावर ढकलता येतो. उलट फिल्म जरा जास्त काळी पडू दिली, तर त्या बारीक रेषा मुळातच नाहीशा होतात. कामगाराला फुंकायला लावून फुप्फुसाची क्षमता मोजणारे यंत्र मात्र गाडीत ठेवू नये, कारण फोटो स्वच्छ असूनही दम कमी भरतो, असे काही ते यंत्र विनाकारण बोलून जाते.

यानंतर खरी कसोटी लागते ती फोटो वाचणाऱ्याची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अशा फोटोंच्या वाचनासाठी नमुना फोटोंचा संच ठरवून दिला आहे. कामगाराचा फोटो त्यांच्या शेजारी लावून फुप्फुसातील डागांची दाटी बारा पायऱ्यांत मोजायची असते, आणि आवरणावर चट्टे आहेत का, तेही वेगळे नोंदवायचे असते. एवढा चोखंदळपणा आपल्याला परवडत नाही. आपल्या छापील अर्जावर ‘सर्वसाधारण’ आणि ‘क्षयाची शक्यता’ असे दोनच रकाने पुरे आहेत. क्षय हा या बाबतीत मालकाचा फार जुना मित्र आहे. तो झोपडपट्टीत होतो, कुपोषणाने होतो, शेजाऱ्याच्या खोकल्याने होतो. कारखान्याच्या धुळीने तो झाला, असे सहसा कोणी म्हणत नाही. क्षयाचे डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात आणि या रेषा दोन्ही बाजूंना खाली असतात, असले बारकावे काढणारा डॉक्टर पुढच्या वर्षी बदलावा. सहा महिने सरकारी गोळ्या खाऊनही धाप कमी झाली नाही, तर रोग्याने गोळ्या नियमित घेतल्या नसणार, हे उघडच आहे. तो विडी ओढणारा असेल, तर प्रश्नच मिटला. धूळ आणि धूर एकत्र आल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, यातला धूर आपण म्हणावा आणि धूळ गिळावी.

कोणी फारच वाद घातला, तर आपले अ‍ॅस्बेस्टॉस पांढरे, म्हणजे निरुपद्रवी जातीचे आहे, असे सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्वच प्रकारांना कर्ककारक ठरवले आहे, पण रंगाचा प्रभाव मोठा असतो. (आपल्या देशाने खाणींचे नवे पट्टे देणे केव्हाच थांबवले आणि रशियाची गोणी मात्र बंदरात उतरू दिली, यावरून मातीतला तंतू घातक आणि आयात केलेला पौष्टिक, असाही निष्कर्ष काढता येईल.) कामाचे कपडे धुवायला कामगाराच्या घरी जाऊ द्यावेत. ते झटकून धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत, परंतु बायको हजेरीपटावर नसते.

राहता राहिले ते दप्तर. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतील जे नंतर येईल तोवर जपून ठेवण्यास सांगितले, आणि आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवली. निकालाचा आदर अवश्य करावा, मात्र फोटोच्या जुन्या फिल्ममध्ये चांदी असते आणि भंगारवाला तिला बरा भाव देतो, हेही विसरू नये. एखादा निवृत्त कामगार बाहेरून सीटी स्कॅन करून फाटकाशी धापा टाकत आलाच, तर त्याला बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे आणि हा बदल आमच्याकडे असतानाच झाला, हे ठरवण्यासाठी त्या काळचा फोटो सोबत आणावा, असे लेखी कळवावे.