मीटरच्या दिव्यावरच्या त्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार ओएम (हॅम रेडिओवाले एकमेकांना म्हणतात तसं, "ओल्ड मॅन"),

लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. मूळ पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माझ्या जुन्या एचएफ (शॉर्टवेव्ह) हॅम सेटच्या एस-मीटरचा, म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणाऱ्या मीटरचा, दिवा गेला, तो का गेला हे न शोधता मी एलईडी बसवला, एलईडीनं रेडिओत नॉइज (खरखर) येतो, मूळचा पिवळा उजेड गेला, आणि "हल्ली यूट्यूब बघून कोणीही स्क्रूड्रायव्हर उचलतो".

आधी हे शेवटचं वाक्य घेऊ. यूट्यूब आलं २००५ मध्ये. मी हॅमचं लायसन्स काढलं तेव्हा ग्रेड वनला मिनिटाला १२ शब्दांची मोर्स द्यावी लागायची आणि ती मी दिलीय. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, शाळेतून आलो की तिथेच बसायचो, व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हाय व्होल्टेज कुठं असतं हे मला व्हिडिओतून नाही, चटका बसून कळलंय. आणि समजा एखादा यूट्यूब बघूनच शिकला, तर बिघडलं काय? "कोणीही" म्हणजे कोण हो नक्की? क्लबात नवीन येणारी पोरं आधीच घाबरत घाबरत सोल्डरिंग आयर्न धरतात, त्यांनी तुमची कमेंट वाचली तर झाकण उघडायच्या आधीच बंद करतील, आणि मग आपणच नेटवर रडायचं की छंदात नवीन कोणी येत नाही. तुम्ही सीनियर आहात, मान आहे, पण मान दोन्हीकडून असतो.

आता बल्ब "का गेला" ते. पोस्ट शेवटपर्यंत वाचली असती तर दिसलं असतं. बोलताना दिवा लुकलुकायचा म्हणून मी सगळ्यात आधी सप्लायच बघितला होता, तोही सेटच्या सॉकेटवर. रिसीव्हवर १३.८ व्होल्ट, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) फुल पॉवर दिली की सरळ साडेअकरा. १०० वॉटचा सेट ट्रान्समिटला २० अँपिअरच्या आसपास खेचतो, वायर आणि फ्यूज होल्डर मिळून ०.०५ ओहम रेझिस्टन्स असला तरी एक व्होल्ट तिथेच गेला. होल्डरच्या पात्या काळ्या पडल्या होत्या, घासून घट्ट केल्या, १२.६ च्या खाली जात नाही आता. म्हणजे लुकलुकणं तिथं संपलं.

पण बल्ब उडाला तो त्यानं नाही. व्होल्टेज पडल्यानं फिलामेंट जळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधीच्या मालकानं १२ व्होल्टचा बल्ब टाकला होता आणि तो रोज १३.८ वर जळत होता. १५ टक्के जास्त ऐकायला किरकोळ वाटतं, पण फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताच्या उलट प्रमाणात घटतं, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. शिवाय मीटरमागचं प्लास्टिक उष्णतेनं तपकिरी पडलेलं. मग परत तिथं बल्बच घालायचा का?

एक मान्य, रेझिस्टरबद्दल मी नीट लिहिलं नव्हतं. तो १ किलोओहमचा आहे, पांढऱ्या एलईडीवर तीन-सव्वातीन व्होल्ट पडतात, बाकीचे साडेदहा रेझिस्टरवर, करंट १० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे त्यात ०.१ वॉट जातो आणि पाव वॉटचा आरामात पुरतो. २० मिलिअँपिअर करायचा मोह झाला तर अर्धा वॉटचा घ्या, नाहीतर तापेल. पोलॅरिटी उलटी लावली तर पेटणार नाही, आणि एलईडी खराबही होऊ शकतो. पोस्टमध्ये हे घातलंय.

नॉइजचं काय, तो एलईडीचा नसतो, त्याच्या स्विचिंग ड्रायव्हरचा (करंट भराभर चालू-बंद करणाऱ्या सर्किटचा) असतो. इथं ड्रायव्हरच नाही, नुसता रेझिस्टर आहे. विषय संपला.

आणि पिवळा उजेड हवा असेल तर वॉर्म व्हाईट मिळतो, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत विचारा. मला पांढरा आवडतो. सेट माझा आहे.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा)