सात-एकचा हिशोब थियागो सिल्वाच्या नावावर मांडण्यापूर्वी

ब्राझीलचा मध्यवर्ती बचावपटू थियागो सिल्वा याच्याविषयी एक मजकूर गेली अनेक वर्षे थोड्याफार फरकाने फिरत आला आहे. वर २०१४ च्या विश्वचषकातील, सहकाऱ्यांपासून दूर चेंडूवर बसलेल्या सिल्वाचे छायाचित्र असते आणि खाली आरोपांची माळ असते. हाच तो रडका कर्णधार, ज्याच्या नेतृत्वाखाली ब्राझीलने जर्मनीकडून सात गोल खाल्ले. हा मनाने कच्चा आणि मोठ्या सामन्यात हमखास कोसळणारा खेळाडू. याने फ्रान्सच्या सोप्या लीगमध्ये पदके गोळा केली, देशाला मात्र काहीच जिंकून दिले नाही. आणि युरोपात कोणी विचारेना तेव्हा निवृत्तिवेतन घेतल्यासारखा मायदेशी परतला, असा एकंदर सूर असतो. यातील एक-दोन वाक्यांत तथ्याचा अंश आहे. उरलेला मजकूर मात्र सामन्यांच्या नोंदी उघडून पाहिल्या की टिकत नाही.

सर्वांत गंभीर आरोप सर्वांत सहज खोडता येतो, म्हणून तो आधी घेऊ. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोन्तेच्या मिनेराव मैदानावर जर्मनीने ब्राझीलचा ७-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा थियागो सिल्वा मैदानात नव्हता. स्पर्धेतील दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे त्याच्यावर त्या सामन्यापुरती बंदी होती. कर्णधाराची पट्टी डेव्हिड लुईझच्या दंडावर होती आणि सिल्वाच्या जागी बायर्न म्युनिकचा दांते खेळत होता. अकराव्या मिनिटाला कॉर्नरवर थॉमस म्यूलर गोलपुढे एकटाच मोकळा सापडला आणि त्याने पहिला गोल केला. मग तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटांच्या दरम्यान क्लोझ, क्रूस, पुन्हा क्रूस आणि खेदिरा यांनी चार गोल केले. त्या सहा मिनिटांत ब्राझीलची मधली फळी जागेवर नव्हती, दोन्ही बाजूंचे बचावपटू पुढे गेलेले होते आणि डेव्हिड लुईझ आपली जागा सोडून चेंडूमागे धावत होता.

आता त्याच स्पर्धेतील दुसरा हिशोब पाहू. क्रोएशिया, मेक्सिको, कॅमेरून, चिली आणि कोलंबिया या पहिल्या पाच सामन्यांत सिल्वा कर्णधार म्हणून खेळला. त्यांपैकी चिलीविरुद्धचा सामना जादा वेळेपर्यंत लांबला. या पाच सामन्यांत मिळून ब्राझीलवर चार गोल झाले. त्यांतला एक मार्सेलोचा स्वयंगोल होता आणि एक कोलंबियाच्या हामेस रॉड्रिगेझने पेनल्टीवर केलेला होता. पाच सामन्यांत चार आणि त्याच्याविना एका सामन्यात सात, हे आकडे बोलके आहेत. अर्थात, तो असता तर ब्राझील जिंकलाच असता असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची भाबडी समजूत होईल. नेमार पाठीच्या दुखापतीमुळे आधीच बाहेर होता आणि जर्मनीचा संघ त्या महिन्यात जगात सर्वांत जमलेला होता. मुद्दा एवढाच की, जो सामना एखादा खेळाडू खेळलाच नाही, त्याचे खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत नाही.

फोडायचेच असेल, तर खापर त्या पिवळ्या कार्डाचे फोडावे, आणि गंमत म्हणजे फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. ४ जुलैला फोर्टालेझा येथे कोलंबियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात सिल्वाने सातव्याच मिनिटाला नेमारच्या कॉर्नरवर गोल करून संघाला आघाडी मिळवून दिली. चौसष्टाव्या मिनिटाला कोलंबियाचा गोलरक्षक ओस्पिना हातातला चेंडू लांब मारण्यासाठी खाली सोडत असताना सिल्वा त्याच्या आडवा गेला. त्यातून मिळण्यासारखे काही नव्हते. पंचांनी कार्ड दाखवले. नियम असा होता की उपांत्यपूर्व फेरी संपली की एकेरी पिवळी कार्डे पुसली जात, म्हणजे आणखी सव्वीस मिनिटे सांभाळून काढली असती तर तो जर्मनीविरुद्ध खेळला असता. ब्राझीलच्या महासंघाने दाद मागितली, फिफाने ती फेटाळली. एकोणतीस वर्षांच्या, पाच-सहा हंगाम युरोपात काढलेल्या कर्णधाराकडून अशी चूक होणे हा खरा दोष आहे, आणि माझ्या मते त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा डाग तोच आहे. अश्रूंची चर्चा करणाऱ्यांना त्याची आठवणही राहत नाही.

तर आता त्या अश्रूंविषयी. २८ जूनला चिलीविरुद्ध सामना १-१ असा बरोबरीत राहिला. जादा वेळेच्या अगदी अखेरीस पिनियाचा फटका गोलच्या आडव्या खांबावर आदळला नसता तर यजमान तिथेच बाद झाले असते. पेनल्टी शूटआऊटपूर्वी सिल्वाने प्रशिक्षक स्कोलारी यांना आपले नाव यादीत सर्वांत शेवटी ठेवण्याची विनंती केली आणि तो बाजूला जाऊन चेंडूवर मान खाली घालून बसला. कर्णधाराने अशा वेळी सहकाऱ्यांच्या घोळक्यात असावे, ही अपेक्षा रास्त आहे, आणि ब्राझीलच्या वृत्तपत्रांनी तेव्हा केलेली टीका सगळीच अन्यायाची नव्हती. परंतु त्यावरून तो मनाने कच्चा होता हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी त्याच शूटआऊटचा बाकीचा भाग नीट पाहावा. गोलरक्षक ज्युलिओ सीझरच्या डोळ्यांत तर पहिली पेनल्टी मारली जाण्यापूर्वीच पाणी होते, आणि त्याच ज्युलिओ सीझरने चिलीच्या पहिल्या दोन्ही पेनल्टी अडवल्या. शेवटी चिलीच्या हाराचा फटका खांबावर आदळला आणि ब्राझील ३-२ ने पुढे गेला. डोळे भरून येणे आणि हात-पाय गळून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा त्याच मैदानावर, त्याच अर्ध्या तासात कोणाला हवा होता? सिल्वानेही सहाच दिवसांनी पुढच्या सामन्याच्या सातव्या मिनिटाला गोल केला, हे वर आलेच आहे.

मनोबलाचा प्रश्न काढायचाच असेल, तर तो २०१४ पासून नव्हे, २००५ पासून काढावा लागेल. रिओ दि जानेरोत २२ सप्टेंबर १९८४ रोजी जन्मलेला हा मुलगा दक्षिण ब्राझीलमधील जुव्हेंतूद संघातून पोर्तुगालमधील पोर्टो क्लबच्या दुय्यम संघात गेला आणि तिथून डायनामो मॉस्कोत पोहोचला. मॉस्कोत त्याला क्षयरोग झाल्याचे निदान झाले. सुमारे सहा महिने तो रुग्णालयात होता. भाषा अनोळखी, थंडी रशियाची आणि वय वीस-एकवीस. फुटबॉल सोडण्याचा विचार त्याने केला होता आणि आईने त्याला त्यापासून परावृत्त केले, हे त्याने स्वतः नंतर सांगितले आहे. फुप्फुसांच्या आजारातून उठलेल्या खेळाडूला कोण घेणार, असा प्रश्न असताना ज्या इव्हो वोर्टमान यांच्या हाताखाली तो पूर्वी खेळला होता, तेच २००६ मध्ये रिओतील फ्लुमिनेन्सेचे प्रशिक्षक होते आणि त्यांनी त्याला मायदेशी बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी फ्लुमिनेन्सेने ब्राझीलचा राष्ट्रीय चषक जिंकला आणि २००८ मध्ये हा संघ कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०१८ च्या विश्वचषकात सर्बियाविरुद्ध निर्णायक साखळी सामन्यात नेमारच्या कॉर्नरवर सिल्वाने डोक्याने दुसरा गोल केला, तो सामना मॉस्कोत झाला होता. ज्याला कच्च्या मनाचा म्हणतात, त्याची ही हकिकत आहे.

मोठ्या सामन्यात तो कोसळतो, या आरोपाला सोयीचे दाखले नक्कीच आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत नेदरलँड्सविरुद्ध त्याने दुसऱ्याच मिनिटाला रॉबेनला ओढले आणि नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली. ०-३ असा तो सामना संपला. २०१५ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत पॅराग्वेविरुद्ध चेंडू त्याच्या हाताला लागला, बरोबरी झाली आणि ब्राझील शूटआऊटमध्ये बाद झाला. त्यानंतर प्रशिक्षक दुंगा यांनी त्याला संघाबाहेर ठेवले. मार्च २०१७ मध्ये बार्सिलोनाने त्याच्या तेव्हाच्या पॅरिस सेंट जर्मेन संघाला ६-१ ने हरवले, तेव्हा कर्णधार तोच होता आणि अठ्ठ्याऐंशी मिनिटांनंतर तीन गोल खाणाऱ्या बचावफळीचा म्होरक्याही तोच होता. मात्र ११ मार्च २०१५ ची रात्र या यादीत कोणी घालत नाही, कारण ती यादी बिघडवते. लंडनमध्ये चेल्सीविरुद्ध चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा परतीचा सामना होता. इब्राहिमोविचला एकतिसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले, म्हणजे पॅरिसचा संघ दीड तास दहा खेळाडूंनिशी खेळला. जादा वेळेत सिल्वाचा हात चेंडूला लागला आणि आझारने पेनल्टीवर चेल्सीला पुढे नेले. मनाने खचणारा माणूस इथे खचला असता. सिल्वाचा एक हेडर चेल्सीचा गोलरक्षक कूर्तुआने झेपावत बाहेर घालवला. त्यातून मिळालेल्या कॉर्नरवर, एकशे चौदाव्या मिनिटाला, सिल्वाने पुन्हा उडी घेऊन चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. २-२ झाले आणि, दोन सामन्यांचे मिळून गोल समान असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जातो या तेव्हाच्या नियमाने, पॅरिसचा संघ पुढे गेला. चूकही त्याची आणि भरपाईही त्याची, अवघ्या अठरा मिनिटांच्या अंतराने.

फ्रान्समध्येच जिंकला, हे तर वाचले की हसूच येते. २०१०-११ मध्ये मिलानने इटलीची लीग जिंकली, त्या संघाच्या बचावात नेस्टाच्या जोडीने तो खेळत होता, आणि अडतीस सामन्यांत मिलानवर केवळ चोवीस गोल झाले होते. पॅरिसमधील आठ हंगामांत सात लीग विजेतेपदे आली, हे खरे. संघाच्या पैशापुढे ती स्पर्धा असमान होती, हेही खरे. परंतु २०२० मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बायर्नकडून ०-१ असा हरल्यावर पॅरिसने त्याचा करार वाढवला नाही आणि काही दिवसांतच तो चेल्सीत गेला, तेव्हा छत्तिशीला आलेला हा बचावपटू इंग्लंडच्या वेगात तग धरणार नाही, असे भाकीत अनेकांनी केले होते. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध पहिल्याच लीग सामन्यात त्याच्या पायातून चेंडू निसटला आणि गोल झाला, तेव्हा त्या सर्वांना हर्ष झाला असणार. आठच महिन्यांनी, २९ मे २०२१ रोजी, पोर्टो शहरात चेल्सीने मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. जांघेच्या दुखापतीमुळे त्याला त्या सामन्यात एकोणचाळिसाव्या मिनिटाला बाहेर जावे लागले, हे सांगायला हवे. पण उपांत्य फेरीत रेआल माद्रिदविरुद्धचे दोन्ही सामने तो खेळला होता आणि त्या दोन्हींत मिळून माद्रिदला एकच गोल करता आला होता. चेल्सीसाठी तो एकूण १५५ सामने खेळला. मध्यवर्ती बचावपटूच्या मानाने त्याची उंची बेताचीच. समोरचा चेंडू कुठे देणार हे आधी ओळखून तिथे उभे राहणे, हा त्याचा खेळ. असा खेळ वयानुसार लवकर झिजत नाही.

देशाला काही जिंकून दिले नाही, यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. २०१३ मध्ये माराकाना मैदानावर विश्वविजेत्या स्पेनला ३-० ने हरवून ब्राझीलने कॉन्फेडरेशन्स चषक जिंकला, तो चषक कर्णधार म्हणून सिल्वानेच उचलला. २०१९ ची कोपा अमेरिकाही ब्राझीलने जिंकली. संपूर्ण स्पर्धेत त्यांच्यावर एकच गोल झाला, अंतिम सामन्यात पेरूच्या गेरेरोने पेनल्टीवर केलेला. (ती पेनल्टी सिल्वाच्याच हाताला चेंडू लागल्याने मिळाली होती. हातांचे आणि त्याचे काही जमत नाही, एवढे मान्य करायला हरकत नाही.) विश्वचषक त्याला जिंकता आला नाही. पण २००२ नंतर आलेल्या ब्राझीलच्या कोणत्याच खेळाडूला तो २०२२ पर्यंत जिंकता आलेला नव्हता. त्या २०२२ च्या स्पर्धेत, अडतिसाव्या वर्षी, तो पुन्हा कर्णधार होता आणि दक्षिण कोरियाविरुद्ध रिशार्लिसनच्या सुंदर गोलाला शेवटचा पास त्याचाच होता.

राहिला परतीचा मुद्दा. २०२४ मध्ये तो फ्लुमिनेन्सेत परतला, तेव्हा संघ ब्राझीलच्या लीगमध्ये तळाशी होता. त्या हंगामात संघ खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. पुढच्या वर्षी अमेरिकेत झालेल्या क्लब विश्वचषकात फ्लुमिनेन्सेने बाद फेरीत इंटर मिलानला २-० ने घरी पाठवले. हाच इंटरचा संघ महिनाभरापूर्वी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला होता, आणि फ्लुमिनेन्सेच्या तीन जणांच्या बचावफळीत चाळीस वर्षांचा सिल्वा सर्वांना जागा वाटून देत होता. निवृत्तिवेतनाचा शेरा मारणाऱ्यांनी त्या दिवशीच्या इंटरच्या आघाडीवीरांचे मत घ्यावे. उपांत्य फेरीत फ्लुमिनेन्सेला चेल्सीने, म्हणजे सिल्वाच्याच जुन्या संघाने, २-० ने हरवले, आणि दोन्ही गोल करणारा जोआव पेद्रो हा फ्लुमिनेन्सेच्याच अकादमीत घडलेला खेळाडू होता.