गुग्गुळ आणि ‘दोन तासांचे अंतर’

गुग्गुळाविषयीचा एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. गुग्गुळ हा रानातल्या झुडपाचा डिंक असल्याने निर्धोक आहे, तो कोलेस्टेरॉल हमखास उतरवतो, आणि दोन तासांचे अंतर ठेवले की कोणत्याही गोळीबरोबर चालतो, अशी तीन विधाने त्यात आहेत.

पहिल्याचे उत्तर आयुर्वेदातच आहे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातील या काटेरी झुडपाच्या सालीला चिरा देऊन मिळवलेला डिंक वैद्य कच्चा देत नाहीत. त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात त्याचे शोधन, म्हणजे शुद्धीकरण, करूनच तो वापरतात. संदेश लिहिणाऱ्याने परंपरेचा हवाला दिला, शोधन मात्र गाळले.

कोलेस्टेरॉलबाबत भारतातील काही चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल होते, हे मान्य करायला हवे. परंतु २००३ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, १०३ जणांवरील आठ आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीत गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चार ते पाच टक्क्यांनी वाढले, तर नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर) असलेल्यांचे पाच टक्क्यांनी घटले, शिवाय अर्क घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. एवढ्यावर ‘हमखास’ म्हणता येत नाही, आणि त्याच्या भरवशावर स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणे तर मुळीच शहाणपणाचे नाही.

सर्वांत घातक विधान तिसरे आहे, कारण ते सावधगिरीचा आव आणते. निरोगी व्यक्तींना गुग्गुळाच्या अर्काची एकच मात्रा प्रोप्रानोलॉल किंवा डिल्टियाझेम या रक्तदाब-हृदयविकारावरील औषधांसोबत दिली असता या औषधांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे १९९४ सालच्या एका भारतीय अभ्यासात दिसले. हा केवळ आतड्यातील शोषणाचा प्रश्न असता, तर अंतर ठेवून कदाचित भागले असते. पण गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉन हे द्रव्य पेशींमधील पीएक्सआर हा ग्राही (रिसेप्टर) जागृत करते आणि त्यामुळे सीवायपी३ए४ या विकराची (एन्झाइमची) निर्मिती वाढते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. अनेक औषधांचे विघटन करणारे हे विकर एकदा वाढले की काही दिवस तसेच टिकते. तिथे घड्याळाचा उपयोग नाही. यातून आणखी एक पेच संभवतो: रक्तदाब आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर गोळीची मात्रा वाढवतात, रुग्ण मध्येच गुग्गुळ सोडतो, आणि तीच वाढीव मात्रा मग जास्त होते.

शिवाय योगराज, कैशोर, त्रिफळा गुग्गुळ या गोळ्यांतही हाच डिंक असतो. त्यामुळे सांधेदुखीसाठी योगराज घेणाऱ्याने, आपण कोलेस्टेरॉलसाठी काहीच घेत नाही असे समजून, डॉक्टरांपुढे त्या गोळीचा उल्लेख टाळू नये.