खुलासा : ‘ज्याचं त्याचं सत्य’ आइन्स्टाइनच्या नावावर खपवू नका

इंदूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या फिरतंय : ‘आइन्स्टाइनने सगळं सापेक्ष ठरवलं, म्हणून ज्याचं त्याचं सत्य वेगळं.’ साफ चूक. त्याच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतात वेळ आणि लांबी बघणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, मतावर नाही. प्रकाशाचा निर्वातातला वेग तर सगळ्यांना एकच मोजता येतो, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर.

तसं सापेक्ष म्हणजे मनमानी नव्हे, हे कळायला आइन्स्टाइनही नको. इंदूरच्या राजवाड्यावर खरी मध्यान्ह (सूर्य सर्वात उंच येण्याची वेळ) होते सरासरी साडेबाराच्या जरा आधी, कोलकात्यात बाराच्याही आधी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, इंदूर त्याच्या सुमारे साडेसहा अंश पश्चिमेला. एक अंश पार करायला सूर्याला ४ मिनिटं लागतात. कुणीही हिशेब करावा, उत्तर तेच. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, जिलबी कुणाची सरस, यावर मात्र खुशाल भांडा.