ग्राउंड प्लेन म्हणजे रिकामं मैदान नाहीये रे बाबांनो

आज परत चेंबरमधून (बोर्डातून किती रेडिओ लहरी बाहेर सांडतात ते मोजायची बंद खोली) नापास होऊन आलोय आणि डोकं असं सटकलंय ना की कुठेतरी ओकल्याशिवाय झोप लागायची नाही. १२५ मेगाहर्ट्झला सरळ सुळका, लिमिटच्या ९ डीबी वर, आणि १७५ ला त्याचा धाकटा भाऊ. बोर्डावर २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक (सगळ्या चिपांना ताल देणारा सिग्नल), त्याची पाचवी आणि सातवी हार्मोनिक, म्हणजे पाचपट आणि सातपट फ्रिक्वेन्सी, म्हणजे चोर कोण ते पहिल्याच स्कॅनला कळलं, तो बाहेर पडतोय कुठून एवढंच शोधायचं होतं.

तर कुठून? ऐका. चार लेयरचा बोर्ड, दुसरा लेयर अख्खा ग्राउंड प्लेन, म्हणजे करंट परत जायला तांब्याचा सलग पत्रा, त्यात एकही ट्रेस (वायरसारखी तांब्याची पट्टी) नको, हे मी स्वतः लिहून दिलेलं. आणि शेवटच्या दिवशी एका फडतूस एलईडीचा ट्रेस वरच्या लेयरवर बसेना म्हणून लेआउट करणाऱ्या साहेबांनी तो सरळ ग्राउंड प्लेनमधून नेला. चांगला ४० मिलिमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना तांबं काढून सोडलेला क्लिअरन्स, म्हणजे प्लेनला लांबलचक चीर पडली, आणि त्या चिरेवरून बरोब्बर आडवा जातोय कोण, तर क्लॉक! डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरची नियमतपासणी, पास. सॉफ्टवेअरला काय, ग्राउंड कुठूनतरी जोडलेलं दिसलं की त्याचं काम झालं. खालच्या चौथ्या लेयरवर जागा होती हो, दोन व्हाया (लेयर जोडणारी भोकं) मारून तिकडून नेला असता तर कुणाचं काय जाणार होतं?

लोकांना वाटतं करंट एकदा ग्राउंडमध्ये सोडला की संपला, गटारात पाणी सोडल्यासारखा. अरे तो परत येतो ना! आणि फ्रिक्वेन्सी वाढली की तो कमी रेझिस्टन्सचा नाही, कमी इंडक्टन्सचा रस्ता धरतो, म्हणजे ट्रेसच्या बरोब्बर खालून परत जायला बघतो. खाली चीर असली की बिचारा पूर्ण वळसा घालून जाणार, लूप मोठा होणार, चिरेच्या दोन काठांमध्ये व्होल्टेज तयार होणार आणि ते व्होल्टेज बोर्डाला लावलेल्या केबलला ढकलणार. मग केबल झाली अँटेना. किती करंट लागतो माहितीये का नापास व्हायला? १ मीटर केबल, ५० मेगाहर्ट्झ, फक्त ५ मायक्रोअँप कॉमन मोड (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा करंट), की ३ मीटरवर घरगुती वापराच्या क्लासची ४० डीबीमायक्रोव्होल्ट पर मीटरची लिमिट गेली. पाच! मायक्रो!

बरं मी नुसती बडबड करत नाही, कोअ‍ॅक्सचं टोक सोलून वेटोळं केलेला माझा घरगुती प्रोब बोर्डावरून फिरवला, सगळीकडे शांत, चिरेवर आला की अ‍ॅनालायझरवरची रेघ टुणकन वर. मग चिरेच्या दोन्ही काठांवरच्या ग्राउंड व्हायांचा मास्क (वरचा संरक्षक थर) ब्लेडने खरवडला, क्लॉकवर पिवळी टेप चिकटवली आणि वरून कॉपर फॉइलचा छोटासा पूल सोल्डर केला. रेघ जवळजवळ १० डीबी खाली. सगळ्यांना बोलावून दाखवलं. सगळ्यांनी "वा वा" केलं.

आणि मग मीटिंगमध्ये काय ठरलं? "पुढच्या रिव्हिजनला बघू, आत्ता केबलला फेराइट लावून पास होतंय का बघ." फेराइट म्हणजे केबलवर बसवायचं, असला करंट अडवणारं चुंबकीय कडं.

च्यायला त्या फेराइटच्या! ज्याला त्याला फेराइट, ताईत बांधल्यासारखं. तो क्लिपवाला फेराइट देणार शंभर-दोनशे ओहम, आणि अँटेना म्हणून केबलचा स्वतःचाच इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण तेवढाच, मग मिळणार किती, ५-७ डीबी, आम्हाला हवेत ९ आणि वर थोडी मार्जिन. हा हिशोब मी फळ्यावर मांडला तर एक जण म्हणतो "मग दोन लावू". दुसरा म्हणे अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे करून बघूया का, म्हणजे आहे ती चीर कमी पडली म्हणून अजून एक पाडूया!

"२५ मेगाहर्ट्झच तर आहे" हे वाक्य परत कुणी ऐकवलं तर मी खरंच उठून जाणार आहे. क्लॉकची फ्रिक्वेन्सी नाही, एज बघायची असते, म्हणजे सिग्नल खालून वर किती झटकन जातो ते. १ नॅनोसेकंदाची एज म्हणजे ३२० मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत दणकून मसाला. म्हणूनच क्लॉकच्या पिनला चिकटून ३३ ओहमचा रेझिस्टर ठेवला होता, एज जरा लोळवायला, तर बोर्ड हातात आल्यावर बघतो तिथे झिरो ओहम! का, तर म्हणे त्याच्याशिवाय पण चालतंय. चालतंय! अरे रेडिओ स्टेशन पण चालतंच की! (व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरचा इनपुट कॅपॅसिटर आयसीपासून १५ मिलिमीटर लांब ठेवलाय, त्यावर आज काही बोलत नाही, बीपी वाढेल.)

आत्ता मीटिंगचे मिनिट्स आले. माझ्या मुद्द्यापुढे लिहिलंय "लेआउटमधील किरकोळ सुधारणा, प्राधान्य कमी". आणि त्याच्या खालच्या ओळीत माझं नाव, उद्या सकाळी ९ वाजता, चेंबर, फेराइट २ नग.