उजवीकडून उलटं खान्देश

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधलं विमान रंगवणं म्हणजे गिम्प हे चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि बादली ओतायची, असं म्हणणाऱ्याला मे महिन्यात भुसावळात पंख्याशिवाय बसवावं. रंगाचं काम शेवटचं आणि सर्वांत सोपं. पांढऱ्या विमानात जे खपून जातं, ते रंग चढला की चव्हाट्यावर येतं. पोटावरचा हिरवा पट्टा दारापाशी चार बोटं खाली उतरतो, शेपटावरचा केळीचा घड ताणला जातो आणि डावीकडे झोकात लिहिलेलं ‘खान्देश’ उजवीकडून आरशातलं दिसतं.

कारण साधं आहे. मॉडेल करणाऱ्याने अर्धंच विमान बनवलं आणि उरलेलं मिरर करून उरकलं. दोन्ही बाजू टेक्श्चरच्या, म्हणजे विमानावर चढवायच्या सपाट चित्राच्या, एकाच तुकड्यावर. पट्ट्यांना ते चालतं, अक्षरांना नाही.

म्हणून फ्लाइटगिअर या सिम्युलेटरचं मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणलं की मी आधी त्याच्यावर ‘कलर ग्रिड’ हे अक्षरं लिहिलेल्या रंगीत चौकटींचं चाचणीचं चित्र चढवतो. चौकट लांबट दिसली की तिथला यूव्ही, म्हणजे चित्राचा कुठला भाग मॉडेलवर कुठे बसतो त्याचा नकाशा, ताणलेला. अक्षर उलटं, तर ती बाजू मिरर केलेली. मग ‘फेस ओरिएंटेशन’ चालू करायचं. निळं म्हणजे फेसचं, मॉडेलच्या पृष्ठभागाच्या एकेका तुकड्याचं, तोंड बाहेर, लाल म्हणजे आत. या तोंडाच्या दिशेला नॉर्मल म्हणतात. लाल जागी सिम्युलेटरमध्ये आरपार भोक दिसू शकतं. घरी आलेले आबा पडद्यावरचं लाल-निळं विमान बघून हमखास विचारतात, “काय करी ऱ्हायना रे भो?” “नॉर्मल सुधारी ऱ्हायनू, आबा.” आबा काळजीने माझ्याकडेच बघतात.

इथे सगळं निवडून, सगळी तोंडं एकदम बाहेर वळवणारं शिफ्ट+एन दाबायचा मोह होतो. दाबू नये. केबिनच्या भिंतींची तोंडं मुद्दाम आत असतात. त्याही उलटतात आणि प्रवासी बसतात ते उघड्यावर. फक्त लाल झालेले बाहेरचे फेस निवडून ‘फ्लिप’ करावेत.

पाठीवरून नाकापासून शेपटापर्यंत एक काळसर रेघ दिसत असेल, तर मधल्या शिवणीवर व्हर्टेक्सच्या, म्हणजे फेसच्या कोपऱ्यांवरच्या बिंदूंच्या, दोन रांगा एकावर एक पडलेल्या असतात. शिवण तेवढी निवडा, ‘एम’ दाबा, ‘बाय डिस्टन्स’ घ्या; ठरावीक अंतराच्या आतले बिंदू एक होतात. आपसूक येणारं अंतर ०.०००१ मीटर, तेच ठेवा. उतावीळपणे ०.०१ केलंत की पंखाच्या मागच्या धारेचे वरचे-खालचे बिंदू एकमेकांत मिसळतात आणि खिडक्यांच्या चौकटींचं बामणोदच्या वांग्याचं भरीत होतं. शिवाय हे करण्याआधी कंट्रोल+एस. लाइट आपल्याला विचारून जात नाही.

आता खरी कटकट. उजव्या बाजूचे फेस निवडून त्यांचं यूव्ही बेट, म्हणजे नकाशातला त्यांचा सलग तुकडा, डावीकडच्यापासून वेगळं करायचं, आडवं उलटवायचं आणि रिकाम्या जागी सरकवायचं. कागदावर, म्हणजे टेक्श्चरच्या चित्रात, डाव्या बाजूचं नाक डावीकडे, उजवीचं उजवीकडे आलं पाहिजे. दार वेगळं ऑब्जेक्ट असतं, त्याचाही यूव्ही तेवढाच हलवा, नाहीतर पट्टा पुन्हा तुटणार. २०४८ पिक्सेलच्या टेक्श्चरमध्ये जागा कधीच नसते. मग ४०९६चा कागद घ्यायचा आणि त्या टेक्श्चरवरचं सगळं यूव्ही, अगदी चाकांच्या झडपांसकट, निम्मं करून एका कोपऱ्यात बसवायचं. यानंतर या विमानाच्या जुन्या सगळ्या लिव्हरी, म्हणजे तयार रंगसजावटी, बाद. त्यावर लोक चिडतात. चिडू द्यावं, पण रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, पहिल्याच ओळीत लिहावं.

ऑब्जेक्टची नावं मात्र बदलू नयेत, जोडूही नयेत. भाग हलवणारी अ‍ॅनिमेशनची एक्सएमएल फाइल नावानेच एलेरॉन, म्हणजे पंखावरची हलती झडप, शोधते. ब्लेंडरने गुपचूप शेवटी ‘.००१’ चिकटवलं, की स्टिक कितीही हलवा, एलेरॉन ढिम्म. एक्सपोर्टनंतर आधी फ्लॅप, चाकं, दारं हलवून बघतो, मगच घडाला पिवळा रंग. मॉडेल जीपीएल या मुक्त परवान्याचं असेल तर दुरुस्त मेश, म्हणजे मॉडेलचा सांगाडा, त्याच परवान्याखाली बिनधास्त वाटा. विकतचं असेल तर वाटायचा तो फक्त आपला रंग, आणि त्यात उजवीकडचं ‘खान्देश’ उलटंच राहणार.